आधी पाणी, मग रंग

गणपती घरी येणार म्हणून श्रावणात भिंती रंगवून घ्यायची आपल्याकडे चाल आहे. भिंतीचा विचार केला तर याहून वाईट मुहूर्त वर्षात दुसरा नाही. जूनपासून दोन-अडीच महिने भिंत पाणी पीत असते. साधी भाजकी वीट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषत असेल, तरी भारतीय मानकांनुसार ती चांगलीच ठरते. अशा ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंगाचे दोन हात चढतात, ओल आत कोंडते आणि तुळशीचे लग्न होईतो पोपडे सुटू लागतात. मग दोष कधी रंगाऱ्याला जातो, कधी कंपनीला, कधी बिल्डरला. पुढच्या वर्षी अधिक महाग रंग येतो आणि तोही तसाच सुटतो. गळती, ओल, लोणा, बुरशी, स्लॅबचे फुगलेले प्लास्टर, गंजलेल्या सळ्या, चौकटींना लागलेली वाळवी या तक्रारींसाठी आपण वेगवेगळी माणसे बोलावतो आणि वेगवेगळी औषधे विकत घेतो. वास्तविक यांतले बहुतेक आजार एकाच कारणाचे आहेत. पाणी जिथून शिरायला नको तिथून शिरले आणि जिथून बाहेर पडायला हवे तिथून पडले नाही, एवढेच ते कारण. हे पटले तर दुरुस्तीचा क्रमही आपोआप ठरतो. पाण्याची वाट शोधायची, ती बंद करायची, भिंत सुकू द्यायची आणि रंग सगळ्यात शेवटी लावायचा. आपल्याकडे घरदुरुस्तीवरचा मोठा खर्च वाया जातो तो साहित्य हलके असते म्हणून कमी आणि हा क्रम उलटा केला जातो म्हणून जास्त.

आपल्या जुन्या घरबांधणीला हा क्रम पुस्तकाविना ठाऊक होता. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घराला उतरते छप्पर, पुढे आलेली वळचण आणि उंच जोते असायचे. पाणी छपरावर थांबू नये, भिंतीवर झडीचा मारा होऊ नये आणि जमिनीची ओल वर चढू नये, या तिन्ही गोष्टी घराच्या आकारातच बसवलेल्या होत्या. तरीही दर वर्षी मृगाआधी शाकारणी ठरलेली असे. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा तपासायच्या आणि पुन्हा चढवायची. देशावर आणि मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून तिथे सपाट माळवद चालले. पण त्यावरही दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकून, चोपून, पन्हाळी मोकळी करावी लागे. ‘जुनी घरे शंभर वर्षे टिकली, आताची वीस वर्षांत गळतात’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टी नजरेआड होतात. जी टिकली नाहीत ती घरे आज दिसायला उरलेलीच नाहीत, आणि जी टिकली त्यांच्यामागे शंभर उन्हाळ्यांची मेहनत आहे. जुन्या घराचा टिकाऊपणा केवळ सागवानात आणि चुन्यात नव्हता, तो पंचांगातही होता. सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा त्याला आपण ‘पक्के घर’ म्हटले आणि पक्के म्हणजे देखभाल न लागणारे असा अर्थ मनाशी धरला. शाकारणी सुटली. तिच्या जागी दुसरे कोणतेही वार्षिक काम आले नाही.

स्लॅबला मात्र देखभालीची गरज उतरत्या छपराइतकीच आहे, कारण सपाट छप्पर पाणी थोपवून धरते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १० हजार लिटर पाणी, म्हणजे एक टँकर, तिच्यावर रिकामा होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात असे दिवस येतातच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा दर चौरस मीटरवर जवळजवळ हजार लिटर पाणी पडले. हे पाणी निघून जायला गच्चीला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा. दहा मीटर लांब गच्चीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेंटिमीटरचा फरक पडला पाहिजे. प्रत्यक्षात अनेक गच्च्यांचा उतार मधेच कुठे तरी हरवतो, पाण्याच्या तोंडाशी पाने आणि प्लास्टिक साठते, आणि चार-पाच दिवस तळे तसेच राहते. काँक्रीट दिसायला दगडासारखे असले तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. वरून पाणी थांबले की ते खाली उतरतेच, प्रश्न फक्त किती दिवसांत उतरते एवढाच.

ती छिद्रे किती असतील हे घर बांधतानाच ठरते. काँक्रीट हाताळायला सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये जादा पाण्याची बादली ओतली जाते. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी म्हणजे निम्मे प्रमाण. त्याहून जास्त ओतलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे पोकळ्या ठेवते. दुसरी चूक पाणी मारण्यातली. आय.एस. ४५६ हे मानक साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल तर निदान १० दिवस ओलावा राखायला सांगते. बाजारात आज मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्रच असते, तरी स्लॅबवर तीन दिवस पाणी मारून काम आटोपले जाते. तिसरी चूक सळीवरच्या आवरणातली. सळी आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांत सौम्य वातावरणात २० मिलिमीटर, तर समुद्रकिनाऱ्याच्या हवेत ४५ मिलिमीटर अंतर असावे, असे तेच मानक सांगते. हे अंतर राखणारे कव्हर ब्लॉक अगदी किरकोळ किमतीचे असतात. तेच घातले नाहीत तर सळी थेट सेंटरिंगच्या प्लायवर टेकते. काँक्रीट ताजे असताना तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या कवचात सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलसर छिद्रांतून आत शिरला की अल्कता उतरते. किनारी भागात खाऱ्या हवेतले, किंवा नीट न धुतलेल्या खाडीच्या रेतीतले क्षार सळीचे ते कवच अधिक वेगाने भेदतात. गंज लोखंडाच्या मूळ आकारमानाच्या दोन ते सहापट जागा घेतो, त्या दाबाने सळीखालचे काँक्रीट फुटते आणि छताचा पापुद्रा खाली येतो. तो पापुद्रा पडला त्या दिवशी आजार सुरू झालेला नसतो. तो दहा-पंधरा वर्षे आत वाढत असतो आणि त्याला खतपाणी ओलीने घातलेले असते.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी निदानाची आहे, आणि निदानासाठी महागड्या यंत्रांआधी एक वही पुरते. डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी वाढतो हे जास्त सांगून जाते. पाऊस पडला की तासाभरात ओलावणारा डाग बहुधा बाहेरच्या भिंतीतल्या भेगेचा किंवा खिडकीच्या चौकटीचा असतो. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी वाढून आठवडाभर टिकणारा डाग गच्चीच्या कोब्यात साठलेल्या पाण्याचा. वरच्या घरात आंघोळी झाल्यावर वाढणारा आणि तिथली माणसे गावाला गेली की सुकणारा डाग न्हाणीघराच्या तळाचा किंवा सांडपाण्याच्या नळाचा. रात्रंदिवस, बारा महिने सारखाच ओला राहणारा डाग दाबाच्या पाण्याच्या नळाचा असण्याचा संभव मोठा. घरातल्या सगळ्या तोट्या बंद करून मीटरची चकती फिरते का पाहिले की तो संशय पडताळता येतो. भिंतीच्या तळाशी तीन-चार फुटांपर्यंतच चढलेली, वर पांढऱ्या क्षाराची रेघ असलेली ओल जमिनीतून आलेली. ओल भिंतीतून येते की हवेतून, असा प्रश्न पडला तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर वाफ बाहेर पडायला वाट नाही. अशा कोंडलेल्या वाफेने आलेल्या बुरशीवर वॉटरप्रूफिंगचा काही उपयोग नाही, तिथे झरोका किंवा पंखा हवा.

यावर आक्षेप येतो की पाणी असे शहाण्यासारखे सरळ चालत नाही. तो खरा आहे. स्लॅबमध्ये विजेच्या तारांचे पाइप गाडलेले असतात. त्यांतून पाणी दहा-पंधरा फूट वाहत जाते आणि गळती एका खोलीतली असताना थेंब दुसऱ्या खोलीतल्या पंख्याच्या हुकातून टपकतो. त्यामुळे डागाच्या बरोबर वरची फरशी फोडणे हे निदान नव्हे, जुगार आहे. पण वाट वाकडी आहे म्हणून शोध निरर्थक ठरत नाही, उलट तो अधिक शिस्तीने करावा लागतो. एका वेळी एकच जागा भिजवायची. न्हाणीघराची मोरी बुजवून दोन दिवस रंगीत पाणी भरून ठेवायचे, मग गच्चीचा एकेक भाग बांध घालून तसाच तपासायचा, मग बाहेरच्या भिंतीवर खालून वर पाण्याचा फवारा मारायचा. खालून वर अशासाठी की आधी वरून मारले तर सगळीच भिंत भिजते आणि काहीच कळत नाही. या शोधाला चार दिवस लागतात आणि त्याची मजुरी द्यावी लागते. आपल्याला कामाचे पैसे द्यायला जड जात नाही, शोधाचे द्यायला जाते. त्यामुळे ठेकेदारही शोध गाळून थेट कामाचा आकडा सांगतो.

गच्चीच्या उपायांकडे वळले की पहिले नाव येते ब्रिकबॅट कोब्याचे. विटांचे तुकडे उताराने बसवून, त्यांत सिमेंटचे पाणी भरून, वर घोटाई करून आणि कठड्याच्या कोपऱ्यात गोलाईचा वाटा काढून केलेला कोबा चांगल्या हाताने झाला तर दोन-तीन दशकेही काढतो. तो उतारही देतो आणि उन्हापासून स्लॅबचे रक्षणही करतो. त्याचा दोष वजनाचा. सरासरी चार-साडेचार इंच जाडीचा कोबा दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. वावर असलेल्या गच्चीवर माणसे व सामान यांचा भार मानकांत दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरलेला असतो. म्हणजे जुना कोबा न काढता त्यावर नवा चढवला, तर गच्चीवर कायमची गर्दी उभी करण्याहून जास्त ओझे आपण टाकतो, तेही आधीच ओलीने कमजोर झालेल्या स्लॅबवर. थरावर थर चढवण्याच्या या सवयीचा अत्यंत भीषण दाखला मराठवाड्याने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि फूट-दोन फूट जाडीच्या मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. भिंतींचे बांधकाम कच्चे होतेच, पण गळती थांबवायला वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीनेही छत जड केले होते. पाणी अडवणारा उपाय घराच्या हाडांना झेपतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा. जुना थर स्लॅबपर्यंत काढून मगच नवा घालायचा, हा नियम कितीही कचरा झाला आणि खर्च वाढला तरी मोडू नये.

‘आता रसायने आली आहेत, कोब्याचा हा सगळा खटाटोप कशाला?’ असे विचारणारे बरेच आहेत. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेनची लेपने हलकी असतात, ताणली जातात आणि बारीक भेगांवर पूल बांधतात. वजन वाढवू शकत नाही अशा जुन्या इमारतीला ती खरोखरच सोयीची आहेत. पण त्यांच्या डब्यावरच्या हमीमागे अटी असतात. पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ आणि उताराचा हवा, जाडी सांगितली तेवढी हवी, कठड्यावर फूटभर चढवलेले हवे, नळांच्या आणि पाइपांच्या भोवती जाळी लावून बसवलेले हवे. जूनच्या तोंडावर घाईने ओल्या कोब्यावर फिरवलेले लेपन खालच्या वाफेने फुगते आणि सुटते. उतार नसलेल्या गच्चीला उत्तम लेपनही उतार देऊ शकत नाही. म्हणजे रसायन हे क्रमाला पर्याय नाही, ते क्रमातली एक पायरी आहे. तिसरा उपाय पत्र्याच्या शेडचा. सौंदर्यदृष्टीने तो अनेकांना खटकतो, पण तत्त्वाने तो आपल्या जुन्या कौलारू छपराचाच वंशज आहे आणि पाणी थांबूच न देण्याचे काम चोख करतो. मात्र त्यासाठी पालिकेची परवानगी लागते, वादळी वाऱ्यात शेड टिकून राहील अशी बांधणी लागते, आणि शेड टाकली म्हणून गच्चीची पन्हाळी साफ करणे सुटत नाही.

घराच्या आतली बहुतेक गळती न्हाणीघरातून होते, आणि तिचे कारण फरशी नसून फरशीखालचे जोड असतात. टाइल ही वरची सजावट आहे, पाणी अडवणारा थर तिच्या खाली असतो. तो जमिनीपासून भिंतीवर फूट-दीड फूट, शॉवरपाशी त्याहून वर चढवलेला असावा लागतो. सर्वांत कमकुवत जागा नहाणी ट्रॅप आणि स्लॅब यांच्या जोडाची. तिथे पीव्हीसीचा गुळगुळीत पाइप आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. नूतनीकरण करताना जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवायचा पर्याय हल्ली सर्रास सांगितला जातो. दिखावा बदलायचा असेल तर तो चालेल, गळती असेल तर तो पैसे बुडवण्याचा मार्ग आहे, कारण खालचा थर आणि ट्रॅप जसेच्या तसे राहतात. उलट नुसत्या सांध्यांतून पाणी मुरत असेल तर सगळी फरशी फोडायची गरज नसते. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणे पुरते. एक घरगुती सवय मात्र आजच सोडावी. अ‍ॅसिड टाकून फरशी चकचकीत करताना सांध्यांतले सिमेंट विरघळते आणि पाण्याला वाट आपणच उघडून देतो. जुने गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ असतील तर टाइल बसवण्याआधी ते बदलावेत, आणि नवे नळ भिंतीत गाडण्याआधी दाबाने पाणी भरून रात्रभर तपासावेत. टाइल लागल्यावर सापडलेली गळती दहापट महाग पडते.

बाहेरच्या भिंतींचा प्रश्न भेगांचा आहे. प्रत्येक भेग घाबरण्यासारखी नसते आणि प्रत्येक भेग पुट्टीने बुजवण्यासारखीही नसते. प्लास्टरवरचे केसासारखे जाळे हे जास्त सिमेंट, जास्त भुकटी असलेली क्रश सँड आणि कमी मारलेले पाणी यांचे फळ. कॉलम आणि वीटभिंत यांच्या सांध्यावर उभी सरळ भेग दिसते, कारण दोन्ही साहित्ये उन्हात वेगवेगळी फुगतात. तिथे प्लास्टरआधी जाळी ठोकायला हवी होती. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींना हे अधिकच लागू आहे. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली आडवी भेग दर वर्षी परत येते, त्यामागे साधा हिशोब आहे. काँक्रीट तापमानाच्या दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांशाने वाढते. दहा मीटरचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर तो सुमारे तीन मिलिमीटर सरकतो. कडक सिमेंटने ती भेग बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडणारच. तिथे लवचिक सीलंट हवा आणि स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा थर हवा. खिडकीच्या छज्ज्याला खालून एक बारीक खाच असली की पाणी तिथेच गळून पडते, नसली की ते छज्ज्याच्या पोटावरून चालत भिंतीत शिरते. प्लास्टर करताना बोटभर रुंदीची ही खाच गवंड्याकडून काढून घेणे म्हणजे फुकटातले वॉटरप्रूफिंग आहे.

जमिनीतून चढणारी ओल हा तळमजल्याचा आणि गावाकडच्या घराचा आजार. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर बांधतानाच घातला नसेल, किंवा पुढे अंगणात भर टाकून तो गाडला गेला असेल, तर भिंत दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. इथे गावोगाव एकच चूक होते. ओल दिसते म्हणून खालच्या तीन फुटांना सिमेंटचा कडक गिलावा किंवा टाइल लावली जाते. पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून ते अधिक वर चढते आणि लोणा टाइलच्या वरच्या कडेला फुटतो. जुन्या वाड्यांच्या, जांभ्याच्या किंवा चुन्यातल्या भिंतींना तर सिमेंटचा गिलावा घातकच, कारण त्या भिंती ओल आत घेऊन बाहेर सोडण्याच्या हिशोबाने बांधलेल्या असतात. तिथे चुन्याचाच गिलावा करावा, भोवतालची माती जोत्याखाली उतरवावी आणि वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. काळ्या मातीच्या पट्ट्यात, म्हणजे मराठवाडा, विदर्भ आणि देशावरच्या मोठ्या भागात, पाण्याचा खेळ पायाखाली चालतो. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच ठेवला तर भिंतीला तिरके तडे जाणारच. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदणे किंवा, माती फार खोल असेल तर, तळाशी फुगीर केलेले पाइल घेणे, हा बांधतानाचा उपाय. बांधून झालेल्या घराला घराभोवती तीन-चार फूट रुंदीची पक्की, बाहेर उताराची पट्टी, गळके नळ व शोषखड्डे पायापासून दूर आणि भिंतीलगत मोठे झाड नाही, एवढे तरी साधावे. मातीतला ओलावा वर्षभर सारखा राहिला की तिची हालचाल मंदावते.

सगळेच पाण्याच्या माथी मारता येणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो मान्य करावा लागेल. भार आणि रचना यांचे दोष वेगळे असतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यांतून निघून रुंद होत जाणारा तिरका तडा, बीमच्या मध्यावरची उभी भेग, कॉलममधून बाहेर डोकावणारी सळी, एका बाजूला कललेला मजला यांना वॉटरप्रूफिंगवाला नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. तडा वाढतो आहे का हे पाहायला त्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवावी. ती तडकली तर हालचाल चालू आहे. नूतनीकरणात मोठा हॉल करण्यासाठी भिंत पाडायची हौस असते. ती भिंत भार पेलते की नुसती आडोशाची आहे, हे गवंड्याच्या ठोकून पाहण्यावर ठरवू नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधील सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा तळमजल्यावरील फेरफारांत आधाराला हात लावल्याचा आरोप झाला होता. पण इथेही एक लक्षात घ्यावे की रचनेचे अनेक दोष आधी पाण्याने तयार केलेले असतात. ऑडिट करणारा इंजिनिअर हातोड्याने कडकपणा तपासतो, ध्वनिलहरींनी पोकळ्या शोधतो आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन टाकतो. ते गुलाबी झाले तर काँक्रीटची अल्कता शाबूत, रंगहीन राहिले तर गेली. या चाचण्यांतली शेवटची तर ओलसर छिद्रांतून हवा किती आत पोचली तेच सांगते. आणि गंजलेल्या भागाची दुरुस्ती करताना सळीच्या मागेपर्यंत काँक्रीट काढून, गंज साफ करून, पॉलिमर मॉर्टर भरले तरी वरची गळती चालू असेल तर ठिगळाच्या शेजारी गंज पुन्हा सुरू होतो.

खरा मोठा आक्षेप पैशाचा आहे, आणि सोसायट्यांत तो भांडणाच्या रूपाने येतो. वरच्याचे न्हाणीघर, खालच्याचे छत, मग खर्च कोणाचा? ढोबळ नियम सोपा आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ आणि सांडपाण्याच्या उभ्या वाहिन्या यांची गळती संस्थेची, घराच्या आतल्या नळांची आणि फरशीची त्या सभासदाची. त्यामुळे वाटेचे निदान झाले की निम्मे भांडण मिटते, आणि निदान झाले नाही तर दोघेही आपापल्या वकिलाकडे जातात. ‘एवढा पैसा कुठून आणायचा’ याचे उत्तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. बांधकाम खर्चाच्या वार्षिक निदान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा व्हावेत, असे ते सांगतात. सदनिकेचा बांधकाम खर्च १० लाख धरला तर दुरुस्तीचे महिन्याला ६२५ रुपये होतात. ही रक्कम वाचवून अनेक संस्था पंधरा-वीस वर्षांनी प्रत्येकी लाखभर वर्गणी मागतात. त्याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. नव्या घरांच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले रचनेचे आणि कारागिरीचे दोष, कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. या तरतुदीचा लाभ मिळतो तो मात्र तारखेसह लेखी कळवणाऱ्याला आणि फोटो ठेवणाऱ्याला. तक्रार न करता स्वतःच रंग मारून डाग झाकणारा आपला पुरावा आपल्याच हाताने पुसतो.

तेव्हा शाकारणीच्या जागी नवे पंचांग ठरवावे लागेल, आणि ते फार अवघड नाही. आषाढ-श्रावण हा दुरुस्तीचा काळ नाही, तो पाहण्याचा आणि लिहून ठेवण्याचा काळ आहे. डाग, तारीख, पाऊस आणि फोटो यांची नोंद तेव्हाच होते, उन्हाळ्यात गळती दाखवता येत नाही. भिंतीला दिवाळीनंतर दोन महिने उन्हात सुकू द्यावे. सिमेंटची कामे पौष-माघात करावीत, तेव्हा ऊन कमी असल्याने पाणी मारणेही नीट जमते. फाल्गुनात गच्चीवर आणि न्हाणीघरात दोन-तीन दिवस पाणी भरून परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेला दोन्ही उतरली तर गुढीपाडव्याच्या सुमारास रंग लावावा. मृगाआधी एक दिवस काढून पन्हाळी, नळाची तोंडे आणि छज्जे साफ करावेत. गणपतीसाठी घर सजवायचेच असेल तर तोरणे आहेत, दिवे आहेत. ठेकेदाराशी करार करताना चौरस फुटाच्या ढोबळ दराऐवजी कोणते काम, किती थर, किती जाडी हे कलमवार लिहून घ्यावे आणि दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवावी. जो ठेकेदार ही अट ऐकून दर थोडा वाढवतो त्याच्याशी बोलणी चालू ठेवावीत. जो म्हणतो ‘आधी रंग मारून घेऊ, मग बघू’, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.